रंग पालटणारं झाड

"अहो कासारीणकाकू, तुमच्या परसातल्या त्या झाडाचं फूल काल लालभडक होतं. आज बघा, निळसर पडलंय. असलं रंग पालटणारं झाड घरात ठेवतात होय?"

गजराबाई भिंतीवरून मान काढून बोलत होती. तिचं परस आणि आमचं परस यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत, आणि त्या भिंतीवर कोपर टेकून तिचा निम्मा जन्म गेलेला. मी दगडावर नातवाची दुपटी आपटत होते. वर बघितलंसुद्धा नाही.

"तुमच्या अंगणात तर पडत नाही ना फूल," मी म्हटलं.

"पडत नाही हो. पण मी अख्ख्या बार्शीत कुणाच्या दारात हे झाड बघितलं नाही. अण्णांना दिलं तरी कुणी?"

अण्णा म्हणजे आमचे हे. शेवटचा शब्द तिनं असा लांबवला की दुपटं माझ्या हातातच राहिलं.

आमचा धंदा बांगड्यांचा. पेठेत दुकान, आणि आठवड्याचे बाजार, जत्रा, लग्नघरं अशी ह्यांची फिरती. कासाराचं कामच असं की जन्मभर दुसऱ्याच्या बायकांचे हात हातात घ्यायचे. लोक चेष्टा करायचे. तुझा नवरा दिवसभर कुणाकुणाचे हात दाबतो, असं लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत आले होते. मी उलट हसायचे, कारण माझी खात्री होती. त्या खात्रीवर मी पेठेतून मान वर करून चालले. कुणाचं ऐकून घेतलं नाही, कुणाला सोडलं नाही. सासू-सासरे वारले, दीर कुणी नाही, एक नणंद होती ती माझ्या लग्नाआधीच तापानं गेलेली. घर सगळं माझ्या तोंडावर चाललं असं लोक म्हणायचे, आणि मला त्याची लाज कधी वाटली नाही. माघात हे गेले. छातीत कळ आली, पाणी मागितलं, पाणी आणेपर्यंत संपलं. आणि श्रावण सरला तेव्हा ही बया भिंतीवरून मला विचारत होती, कुणी दिलं.

"गजराबाई," मी म्हटलं, "तुमचे मालक कुणाकुणाच्या परसात काय लावून आलेत ते मी कधी विचारलं नाही. आता विचारू का?"

मान भिंतीखाली गेली. पण विचारलेलं माझ्या डोक्यात राहिलं ते राहिलंच.

झाड ह्यांनीच लावलं होतं. निर्मला, माझी सून, घरात आली त्या पावसाळ्यात. बाजाराहून येताना पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक कोंब होता, मुळासकट उपटलेला. आल्या आल्या, पायसुद्धा न धुता, परसात जाऊन मागच्या कोपऱ्यात खड्डा केला. मी विचारलं काय आहे. म्हणाले, असू दे, झाड आहे. आमचे हे बोलायला कंजूष. बाजारात गिऱ्हाइकाशी गोड, घरात मात्र दोन शब्दांच्या पुढं गाडी नाही. त्या झाडाला पाणी स्वतः घालायचे. शेळी शिरली तर तिच्यामागं धावायचे, सत्तरीकडं झुकलेला माणूस. मी हसायचे. आता हसू येईना. पान खरखरीत, तळव्याएवढं, कडेला दातेरी. त्याला हे गेल्यावरच्या पावसाळ्यात पहिल्यांदा फुलं आली. पानाच्या बेचक्यात एकेक, वाकडी, चोचीसारखी, आज लाल आणि उद्या निळसर.

नावाचा छडा लावायचाच असं मी ठरवलं. नाव कळलं की कुठलं ते कळेल, आणि कुठलं ते कळलं की कुणाचं तेही कळेल.

पहिल्यांदा महादेवाच्या गुरवाकडं फुलं घेऊन गेले. त्यानं परडीतून दोन बोटांनी उचललं, वास घेतला, परत ठेवलं. म्हणाला, हे कुठल्या देवाला चालतं ते ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेलं फूल मी पिंडीवर घालत नाही. उद्या दोष लागला तर तुम्ही थोड्याच भोगणार. मी म्हटलं, अरे बाबा, मी फूल वाहायला आणलेलंच नाही, ओळखायला आणलंय. तर म्हणे ओळखत नाही म्हणूनच तर वाहत नाही. त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. नगरपालिकेच्या बागेत रोपं बघणारा होता, त्यानं लांबूनच सांगितलं की परदेशी आहे, शोभेचं. परदेशी म्हणे. आमचे हे धाराशिवच्या पुढं गेले नव्हते. कॉलेजात शिकवणारे एक सर आमच्या गल्लीत राहायचे. ते मात्र घरी आले, भिंग लावून बघितलं, जास्वंदीच्या गोतातलं काहीतरी आहे म्हणाले, पुस्तकात बघून सांगतो म्हणून एक फांदी घेऊन गेले. त्या फांदीबरोबर तेही गेले. नंतर गल्लीत दिसले की सायकलवर जोरात पाय मारायचे.

रोज एक माणूस, रोज एक उत्तर, आणि रोज भिंतीवर गजराबाई. माझं डोकं तापून राहायला लागलं. दिगंबर, माझा मुलगा, एकदा जेवताना म्हणाला, "आई, तोडून टाकू ते झाड. तुला त्रास होतोय."

"तुझ्या बापानं लावलंय ते."

"म्हणूनच म्हणतो. लोक उगाच बोलतात."

म्हणजे ह्याच्याही कानावर होतं. मी ताट सरकवलं. "लोक काय बोलतात रे? सांग ना. माझ्या तोंडावर सांग."

तो भाताकडं बघत राहिला. निर्मला आत बाळाला पाजत होती, तिनं कूस बदलली तेवढा आवाज आला. मी सांगितलं, नाव कळल्याशिवाय त्या झाडाला कोयता लावायचा नाही, आणि ज्याला कुणाला बोलायचंय त्यानं माझ्यापुढं येऊन बोलावं.

नाव शेवटी मलाच कळलं, कुणाला विचारून नाही.

दिवाळी तोंडावर आली होती. आमच्याकडं त्या वर्षी सण नव्हता, हे जाऊन वर्ष व्हायचं होतं. मी परसदारी बसून नातवाची गुटी उगाळत होते. सहाण पुढं, वाटीत आईचं दूध, आणि गुटीच्या डबीतलं एकेक उचलून दोन-दोन वेढे: हळकुंड, वेखंड, हिरडा, सुंठ, जायफळ. मग मुरुडशेंग हातात घेतली. बोटाएवढी, काळपट, दोरीला पीळ घालावा तशी पिळलेली. बाळाच्या पोटात मुरडा येऊ नये म्हणून ती घालतात. वेढा देताना सहज मान वर केली. समोर ते झाड. आणि त्याच्या बेचक्यात, फूल गळून गेलं होतं तिथं, हिरवी, लवदार, नवी, तशीच पिळलेली शेंग लोंबत होती.

मी हातातलीकडं बघितलं, मग झाडाकडं. उठून गेले, एक तोडली, सुकलेलीच्या शेजारी धरली. शंकेला जागा नव्हती. ही शेंग माझ्या बोटांना माझ्या स्वतःच्या नखांइतकी ओळखीची. माझ्या पोरांना उगाळली, शेजारणींच्या पोरांना उगाळली. बार्शीतल्या प्रत्येक घरात ही डबीत असते, पण तिचं झाड कुणी बघितलेलं नाही, कारण ती येते काष्ठौषधीवाल्याकडून सुकून. फूल तर कुणाच्या स्वप्नातही नाही.

नाव कळलं, आणि त्याच्यामागून जे आठवलं त्यानं मला तिथंच जमिनीवर बसवलं.

आमच्याकडं मुरुडशेंग दुकानातून कधी आलीच नव्हती. माझ्या प्रत्येक बाळंतपणाला ह्यांनीच आणली. ताजी, अर्धी हिरवी. आणि पुडीत नाही, चिंधीत बांधून. ती चिंधी लुगड्याच्या काठाची असायची. पहिल्या खेपेला मी विचारलं होतं. वैदूच्या बाईनं बांधून दिली, म्हणाले. मी विश्वास ठेवला. दर खेपेला चिंधीचा काठ वेगळा, पण गाठ एकच, दुहेरी, आणि टोक आत खोचलेलं. वैदू गावोगाव फिरतात. ह्यांना दर वेळी तीच एक बाई कशी भेटायची, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही. आता आलं.

म्हणजे कुठल्यातरी बाईनं आपलं लुगडं फाडून माझ्या पोरांसाठी औषध बांधून दिलं, आणि मी ते माझ्या दुधात उगाळून माझ्या हातानं त्यांच्या तोंडात घातलं. हे मनात आलं तेव्हा मी सहाण उचलून भिंतीवर मारली. गजराबाईची मान वर आली आणि माझं तोंड बघून तशीच खाली गेली.

काष्ठौषधीवाल्याला विचारलं, ताजी मुरुडशेंग कुठं मिळते. तो म्हणाला, इकडं माळावर नाही, येडशीच्या डोंगरात, रामलिंगाच्या रानाकडं. येडशी. दर भाऊबीजेला हे तिकडं जायचे. बीजेला लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, वाडीवस्तीवर बांगड्या खपतात, असं सांगायचे. दिवाळीचा फराळ पुढं ठेवलेला असताना पहाटेच बांगड्यांची पेटी घेऊन निघायचे. मी डबा बांधून द्यायचे. स्वतःच्या हातानं करंज्या बांधून द्यायचे.

बीजेच्या सकाळी मी निर्मलाला सांगितलं, एक काम आहे, संध्याकाळपर्यंत येते. ती म्हणाली, आत्याबाई, एकट्या कशाला, ह्यांना घेऊन जा. मी म्हटलं, ह्या कामाला मला कुणी लागत नाही. एसटीत बसले आणि येडशी येईपर्यंत त्या बाईला काय काय बोलायचं ते घोळवत राहिले. घाट दिसायला लागला तेव्हा माझ्याकडं इतकं साठलं होतं की बाजूची बाई दोनदा माझ्याकडं बघून सरकून बसली. मी बहुतेक पुटपुटत होते.

स्टँडवर चहाच्या टपरीत विचारलं, बार्शीचे कासार इकडं कुठल्या वस्तीवर यायचे. टपरीवाली म्हणाली, "कासारमामा होय? ते डोंगराच्या अंगाला गार्डाच्या घरी उतरतात. यंदा दिसले नाहीत लई दिवस. तुम्ही कोण त्यांच्या?"

मी पाठ फिरवली. ही टपरीवालीसुद्धा त्यांना ओळखत होती. सगळं गाव ओळखत होतं. उतरतात, म्हणे.

रस्ता चढाचा होता. माझे गुडघे तेव्हाही बोलायचे, पण त्या दिवशी त्यांचं मी ऐकलं नाही. घर लांबूनच कळलं. कुंपणाला सगळी तीच झाडं, दाट, डोक्याच्या वर गेलेली, लाल आणि निळसर फुलांनी आणि त्या पिळलेल्या शेंगांनी भरलेली. आमच्या परसातलं झाड ह्या कुंपणाचं पोर होतं, हे सांगायला कुणी मास्तर लागत नव्हता.

अंगणात एक बाई पाठमोरी उभी होती, माझ्याच वयाची. उंबऱ्याजवळ वाकून काहीतरी ठेवत होती. मला आधी तिचा हात दिसला. हिरवा चुडा, आणि त्याच्या बरोबर मधोमध एक काळी बांगडी.

ती काळी बांगडी हे घरच्या बायकांनाच भरायचे. दृष्ट लागू नये म्हणून. माझ्या हातात होती, लेकीच्या आहे, निर्मलाच्या आहे. गिऱ्हाइकाला, मग ती पाटलीण असो नाहीतर मामलेदारीण, कधी भरली नाही. एका मामलेदारिणीनं हौसेनं मागितली तर म्हणाले होते, ती विकायची नसते बाईसाहेब.

एसटीत घोळवलेलं सगळं विसरले, जे तोंडात आलं ते बोलले.

"कासाराची वाट बघतेस होय गं? कासार यायचा नाही. कासाराची बायको आलीय. फीर माघारी, बघू दे तरी मला, माझ्या संसारात राहून माझ्यापासून लपवावं असं काय आहे तुझ्यात."

ती वळली. तिच्या हातात ताट होतं. मी आणखी बोलणार होते, तोंड उघडलेलंच होतं. पण ती माझ्या डोळ्यांत बघतच नव्हती. ती माझ्या कपाळाकडं बघत होती. मग माझ्या मनगटांकडं. मग परत कपाळाकडं.

मला सांगावं लागलं नाही. माझ्या मोकळ्या कपाळानं ते सांगून टाकलं.

"वैनी," ती म्हणाली. "दादा गेला?"

तेव्हा मला ताटातलं दिसलं. निरांजन लावलेलं, कुंकू, अक्षता, सुपारी, आणि घडी घातलेली एक नवी टोपी. तिच्यामागं उंबऱ्याच्या आत पाट मांडलेला, त्याच्याभोवती रांगोळी. ज्या बाईवर मी वाटेल ते ओतायला आले होते ती बीजेचं ताट हातात घेऊन उभी होती, आणि त्या पाटावर कोण बसायचं होतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"कोण तू?" तरी मी विचारलं.

"हौसा."

हौसा, माझी नणंद, मेलेली होती. माझ्या लग्नाच्या याद्या झाल्या तेव्हाच माझ्या बापाला सांगितलं होतं, एक मुलगी होती, तापानं गेली. सर्वपित्रीला आमच्याकडं पितरांबरोबर एक पान वेगळं मांडायचे, ते हौसाचं. मी मांडायचे. लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी ह्या बाईच्या नावानं मी खीर केली, वडे तळले, कावळ्याला हाका मारल्या. आणि ही इथं हिरवा चुडा भरून जिवंत उभी.

ती मटकन खाली बसली. ताट मात्र सांडू दिलं नाही, दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवलं. तिला रडायलाही येत नव्हतं. कधी, एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं माघात. कसं, म्हणाली. मी सांगितलं. ती म्हणाली, मला वाटलं गुडघे धरले असतील, म्हणून बाजाराला येत नसेल. पण बीजेला येईल, बीज चुकवायचा नाही तो कधी.

मग तिनं सांगितलं ते मी उभ्यानंच ऐकलं. जंगलखात्यातल्या एका गार्डाशी तिनं लग्न केलं होतं. आमच्यातला नव्हता. सासऱ्यांनी विहिरीवर जाऊन तिच्या नावानं अंघोळ केली आणि घरात सांगितलं, हिचं नाव घेणाऱ्यानं माझं नाव घेऊ नये. हे तेव्हा मिसरूड फुटलेलं पोर. त्यांनी नाव घेतलं नाही. बीजेला मात्र पेटी घेऊन निघाले, आणि दरवर्षी निघत राहिले. भाच्यांना त्यांनी मांडीवर खेळवलं, त्यांच्या लग्नात चुडे भरले. आणि माझी पोरं झाली तेव्हा आत्यानं बारशाला येऊन कानात नाव सांगायचं असतं, ते हिला करता येत नव्हतं. म्हणून कुंपणातली शेंग तोडून, लुगड्याचा काठ फाडून, ही बांधून द्यायची. आपल्याकडून तेवढं तरी पोराच्या तोंडात जाऊ दे म्हणून. घरात सून आल्यावर हे म्हणाले, आता नातवंडं होतील, माझ्यानं चढण होत नाही, झाडच दे. तेव्हा तिनं कोंब उपटून दिला.

मी ऐकत होते, आणि एसटीत बसले होते त्याहून माझं डोकं जास्त तापलं होतं. एका बाईवरचा राग उतरला तर बरं वाटायला हवं. मला वाटलं नाही. तो राग नुसता उठून दुसऱ्या माणसावर जाऊन बसला, आणि तो माणूस भांडायला उरला नव्हता.

"सासरे गेले त्याला किती वर्षं झाली," मी म्हटलं. "सासूही गेली. मग घरात उरलं कोण? मी. मग हे भीत होते कुणाला?"

ती ताटातल्या अक्षता बोटानं गोळा करत राहिली.

"माझ्या तोंडाला भीत होते. सांग ना. तुला म्हणाले असतील. की ती अशी आहे, तशी आहे, तिला कळलं तर तुझं काही खरं नाही."

"तसं नाही वैनी."

"मग कसं?"

"दादा म्हणायचा, हिला कळलं ना, तर त्याच दिवशी येईल, तुझ्या हाताला धरून भर पेठेतून घरी नेईल, आणि आमच्या आप्पांच्या समोर उभी करेल. आप्पा विहीर जवळ करतील म्हणायचा. म्हणून तेव्हा सांगितलं नाही." तिनं मांडीवरचं ताट सरळ केलं. "आप्पा गेल्यावर तो सांगणार होता. मीच नको म्हटलं. ज्यांनी मारलं त्यांनी बोलावलं नाही, तर मी आपण होऊन जिवंत होऊन कशाला जाऊ? माझाही काही मान होता."

"तुझा मान," मी म्हटलं. "आणि त्यांची भीती. दोघा बहीणभावांनी वाटून घेतलंत. आणि मी तुझ्या नावाचं पान मांडून कावळ्याला ओरडत बसले. मला कुणी विचारलं? एकाच्या तोंडून एक शब्द? जन्मभर माझ्या मांडीला मांडी लावून जेवले, आणि मी काय करीन ते त्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं."

"खरं ठरवलं होतं का पण?" ती म्हणाली. "नेलं असतं तुम्ही मला?"

"हाताला धरून," मी म्हटलं. "भर पेठेतून. आणि म्हातारा विहिरीवर गेला असता तर मी पोहरा सोडून बाहेर काढला असता."

ती हसली. त्या हसण्यातच तिला रडू फुटलं आणि मग ती खूप वेळ रडली. मी तिला हात लावला नाही. माझ्यानं झालं नाही. मी अजून चिडलेली होते, आणि चिडलेली असताना खोटं जवळ घेणं मला येत नाही.

शेवटी तिनं डोळे पुसले, ताटातलं निरांजन बघितलं. वात खाली गेली होती. म्हणाली, "आता भाऊ नाही. चांद उगवला की त्याला ओवाळीन. ज्यांना नसतो त्या तसंच करतात."

ती उठून पाट उचलायला वाकली. तेव्हा मला काय झालं कोण जाणे. मी पायातल्या चपला काढल्या, उंबरा ओलांडला आणि जाऊन त्या पाटावर बसले.

"ओवाळ," मी म्हटलं.

ती ताट घेऊन तशीच उभी. "वैनी, काहीतरीच काय."

"मी त्यांची बायको आहे. त्यांच्या दुकानावर बसले, त्यांच्या पोरांना वाढवलं, त्यांचं वर्ष मी पाळतेय. ह्या पाटावर माझा हक्क नसेल तर आणखी कुणाचा आहे ते सांग."

"पण कुंकू कसं लावू तुम्हाला?"

"अंगठ्यानं. त्यांना लावायचीस तसं."

तिचा हात ताटावर गेला आणि थांबला. "लोक बघतील. एसटीत बघतील. घरी काय सांगाल?"

"ऐक," मी म्हटलं. "दर बीजेला तू त्यांना इथं कुंकू लावायचीस. लांबलचक, कपाळभर, असंच ना? दर बीजेला दिवेलागणीला ते घरी यायचे तेव्हा त्यांचं कपाळ कोरं असायचं. वाटेत कुठंतरी, ओढ्यावर किंवा धोतराच्या सोग्यानं, ते पुसून यायचे. बहिणीनं लावलेलं पुसायचे आणि मग माझ्यासमोर येऊन बसायचे. मला आता तेच सगळ्यात जास्त लागलंय. लाव तू. मी पुसणार नाही."

तिनं अंगठा बुडवला. कुंकू सरळ उमटलं नाही, एका बाजूला गेलं. अक्षता चिकटवल्या. सुपारी ओवाळली, निरांजन ओवाळलं. ती टोपी तिनं हातात घेतली, काय करावं तिला कळेना, मग माझ्या मांडीवर ठेवली. ताटात टाकायला माझ्याजवळ काही नव्हतं. भांडायला निघालेली बाई ओवाळणी घेऊन निघत नाही. मी म्हटलं, माझ्याकडं आत्ता काही नाही, आमच्या घरातलं वर्ष सरलं की दिगंबर येऊन तुला घेऊन जाईल, निर्मलाच्या पोराचं बारसं राहिलंय, त्याच्या कानात नाव तू सांगायचं, तुझं राहिलेलं सगळं त्या एका पोराच्या कानात सांग. त्याला सख्खी आत्या, माझी लेक, असली तरी असू दे. आणि येताना मान वगैरे इथं ठेवून ये, आमच्याकडं माझ्या एकटीच्या मानाला जागा पुरत नाही.

परत येताना एसटीत गर्दी होती. बीज करून निघालेल्या सगळ्या लेकीबाळी. एका बाईनं पोराला मांडीवर घेऊन मला जागा करून दिली. ती माझे मोकळे हात बघत होती आणि माझं कपाळ बघत होती, आणि तिला त्या दोन्हींचा मेळ लागत नव्हता. तिनं पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "माहेराहून आलात का, मावशी?"

"ह्यांच्या माहेराहून," मी म्हटलं.

तिला कळलं नाही. मीही सांगितलं नाही. गाडी घाट उतरत होती. मी खिडकीकडं तोंड करून ह्यांच्याशी भांडत होते, सुरुवातीपासून, एकेक काढून, आणि हे नेहमीसारखे दोन शब्दांच्या पुढं जात नव्हते. कुंकू वाळलं होतं. त्याच्याखाली कपाळ खाजत होतं. मी हात लावला नाही.